थ्री-नॉट-थ्री विकत घेताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : लष्करातून निवृत्त झालेली ली-एनफिल्ड, म्हणजेच थ्री-नॉट-थ्री (.३०३) रायफल, आणि त्यातही आपल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली. पत्रं मुख्यतः अमेरिकेतल्या मराठी वाचकांची आहेत, कारण या रायफलींचा उघड बाजार तिथे आहे. भारतातून आलेल्या एका पत्राचं उत्तरही पुढे दिलं आहे.

प्रश्न : मी एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीत आहे. इथल्या एका दुकानात इशापूरची १९४३ सालची रायफल विकायला आहे. मी ती घेऊ शकतो का?
— एक वाचक, एडिसन

आज तरी नाही, आणि हे रायफल आवडण्याआधीच समजून घ्या. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं, दोन्ही जवळ बाळगायला बंदी आहे. बंदी फक्त विकत घेण्यापुरती नाही. त्यातला नेहमी लागू पडणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तो असेल तर दुकानात फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म, भरताना सोबत जोडावा लागतो, आणि त्याची मुदत संपली की अपवादही संपतो. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी नाही. घरात जोडीदाराकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून त्याच्या नावावर रायफल घ्यायची आणि कपाटाची किल्ली आपल्याकडे ठेवायची, असं मुळीच करू नका. किल्ली ज्याच्याकडे, ताबा त्याचा, असा अर्थ निघू शकतो, आणि त्याचा फटका थेट व्हिसाला बसतो.

त्यावर राज्याचे नियम वेगळे. न्यू जर्सीत रायफल घेण्याआधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं, इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड (बंदूकमालकाचं ओळखपत्र) लागतं, कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावं लागतं. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट : पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली रायफल ‘क्युरिओ अँड रेलिक’ या वर्गात बसते. त्यासाठीचा संग्राहक परवाना तीन वर्षांसाठी तीस डॉलरमध्ये मिळतो, आणि तो असेल तर दुसऱ्या राज्यातून रायफल थेट घरच्या पत्त्यावर मागवता येते. तुमच्या राज्याचे नियम मात्र तेव्हाही पाळावेच लागतात.

प्रश्न : पकडीजवळच्या लोखंडी कड्यावर अशोकस्तंभाचे सिंह, आरएफआय (रायफल फॅक्टरी इशापूर), १९६६ आणि ‘रायफल ७.६२ एमएम २ए१’ असं कोरलेलं आहे. विक्रेता म्हणतो, ही जुनी थ्री-नॉट-थ्रीच आहे, फक्त नळी बदलून ७.६२ केली आहे. मग ती वापरायला धोकादायक नाही का?
— ह्यूस्टन

विक्रेत्याची माहिती चुकीची आहे. २ए आणि २ए१ या रूपांतर केलेल्या जुन्या रायफली नाहीत, त्या नव्याने बनवलेल्या आहेत. १९६२ च्या चीन युद्धानंतर आपल्या लष्कराला नाटोच्या ७.६२ काडतुसाची रायफल तातडीने हवी होती. त्या काडतुसाचा दाब .३०३ पेक्षा जास्त, म्हणून इशापूरने जुनाच आराखडा ठेवला पण बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा) आणि तो ज्यात सरकतो तो रिसीव्हर यांच्यासाठी जास्त मजबूत पोलाद वापरलं. उत्पादन साठच्या दशकात सुरू होऊन सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत चाललं.

लांबून ओळखायची खूण म्हणजे मॅगझिन. .३०३ चं मॅगझिन खालून तिरकं, पुढच्या बाजूला जास्त खोल असतं. २ए१ चं चौकोनी डब्यासारखं, कडा सरळ. हातात घेतल्यावर मागच्या दर्शकाची, म्हणजे नेम धरायच्या खुणेची, पट्टी उलगडून आकडे वाचा : २ए वर २००० पर्यंत खुणा असतात, २ए१ वर ८०० पर्यंतच. साठच्या दशकात दोन हजार यार्डांवर रायफलने नेम धरायची कल्पना कोणाला उरली नव्हती, म्हणून ती पट्टी आखूड झाली. दस्त्याच्या टोकाची पट्टी आपल्या एसएलआरसारखी दिसते. लाकडात मॅगझिनच्या पुढे आडवा स्क्रू दिसला तर घाबरू नका, तो फाटलेलं लाकूड सांधायला मारलेला नाही. इशापूरने लाकूड फाटू नये म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो.

काडतुसांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. रायफलवर ७.६२ लिहिलं आहे, तेव्हा ७.६२ नाटोची लष्करी प्रतीची, साधी गोळीच वापरा. दुकानात .३०८ विंचेस्टर नावाने मिळणाऱ्या शिकारीच्या जोरदार काडतुसांनी साठ वर्षांच्या बोल्टची परीक्षा घ्यायचं कारण नाही. घेण्यापूर्वी बंदूक-कारागिराकडून .३०८ च्या गेजने हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, तपासून घ्या : १.६३० इंचाच्या ‘गो’ गेजवर बोल्ट सहज बंद झाला पाहिजे, १.६३८ इंचाच्या ‘फील्ड’ गेजवर बंद होता कामा नये. आणि .३०३ ची गोळी यात किंवा ही गोळी त्यात ‘बसते का’ हे कधीही करून पाहू नका.

प्रश्न : माझे पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत होते आणि पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात सापडले होते. त्यांच्या वेळची रायफल संग्रहात असावी अशी इच्छा आहे. एकाने १९१७ सालची मार्क ३* दाखवली. घ्यावी का?
— सिएटल

रायफल चांगली असेल तर जरूर घ्या, पण पणजोबांच्या आठवणीसाठी ती बसत नाही. पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कूतमध्ये होत्या, आणि कूत पडलं २९ एप्रिल १९१६ रोजी. ‘३’ च्या पुढे तारा असलेला नमुना मंजूर झाला तो त्याच वर्षीच्या जानेवारीत, इंग्लंडात. तेव्हा ती वेढ्याच्या आत पोचणं शक्यच नव्हतं. तुम्हाला हवी आहे तारा नसलेली मार्क ३, साल १९१५ किंवा त्याआधीचं.

त्या ताऱ्याने काय गेलं ते पाहिलं की ओळख सोपी होते. मार्क ३ मध्ये उजव्या बाजूला मॅगझिनवर सरकणारी एक पातळ पोलादी पट्टी असते, तिला कट-ऑफ म्हणतात. ती आत ढकलली की मॅगझिन झाकलं जातं आणि शिपाई एकेक गोळी हाताने भरतो. डाव्या बाजूला लाकडावर एक तबकडी आणि मागे सुरक्षेच्या खटक्याजवळ उभी राहणारी बारीक दांडी असते. लांबच्या पल्ल्यावर सगळ्या तुकडीने एकदम गोळीबार करण्यासाठीचं ते दर्शक. मागचं दर्शक डावी-उजवीकडे सरकवायला बारीक स्क्रू असतो. युद्धात हजारोंनी रायफली हव्या होत्या, तेव्हा ही तिन्ही कामं वगळून मार्क ३* आली. त्याच काळात दस्त्याच्या उजव्या बाजूची पितळी चकतीही गेली, जिच्यावर पलटणीचं नाव आणि नंबर कोरत. अशी चकती मूळची आणि मराठा पलटणीची मिळाली, तर तिच्यासाठी जास्त पैसे मोजायला हरकत नाही. मात्र चकतीचा स्क्रू नवा, लाकडातली खाच ताजी आणि पितळ उगाच चकचकीत दिसलं तर ती नंतर बसवलेली समजा. लांब पल्ल्याच्या दर्शकाचे नवे बनवलेले भागही बाजारात मिळतात. जुन्या भागावर तपासणीचे बारीक ठसे असतात, नव्यावर बहुतेक वेळा नसतात.

कड्यावरचं लिखाण वाचायची रीत अशी : वर मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं, मग कारखाना, साल आणि नमुना. १९२६ पर्यंत नमुना ‘शॉर्ट एल.ई.’ या इंग्रजी लघुरूपात आणि रोमन आकड्यात लिहीत, त्यानंतर ‘नंबर १ मार्क ३’ असं. इशापूरच्या १९४० च्या आसपासच्या रायफलींवर जी.आर.आय. दिसतं, म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी सिंह आले. ऑस्ट्रेलियाच्या लिथगो कारखान्याचं आणि इंग्लंडच्या बीएसएचं नाव सरळ लिहिलेलंच असतं.

प्रश्न : गन शोमध्ये रायफल हातात मिळते ती दहा मिनिटं. तेवढ्यात काय काय पाहावं?
— डॅलस

दहा मिनिटं पुरतात, फक्त क्रम ठरलेला हवा.

आधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या पोकळीत, डोळ्याने पाहा आणि बोट घालून खात्री करा. विक्रेत्याने नुकतंच दाखवलं असलं तरी स्वतः करा. मग परवानगी घेऊन बोल्ट बाहेर काढा. नंबर १ मध्ये बोल्ट पूर्ण मागे घेऊन उजव्या बाजूचं बोल्टचं डोकं वर उचललं की ते रुळावरून सुटतं आणि बोल्ट मागे निघतो. नंबर ४ मध्ये (दुसऱ्या महायुद्धातला नंतरचा नमुना) मागचं दर्शक उभं करावं लागतं, मग उजवीकडची खिटी दाबून डोकं वर फिरवायचं. नंबर ४ च्या मार्क १* मध्ये खिटीऐवजी रुळात पुढे एक खाच असते.

आता नंबर. बोल्टच्या मुठीच्या मागच्या सपाट बाजूवर, रिसीव्हरच्या पुढच्या कड्यावर आणि नळीच्या बुंध्यावर एकच नंबर हवा. समोरच्या टोपीवर, मागच्या दर्शकाच्या पट्टीखाली आणि पुढच्या लाकडाच्या पोटावरही तोच नंबर सापडला तर रायफल अभंग आहे असं समजा. बोल्टवरचा जुना नंबर आडव्या रेघेने खोडून नवा ठोकलेला असेल तर लष्करी कार्यशाळेतच बोल्ट बदलला आहे; ते चालतं. पण नंबर वेगळा आणि खोडलेलाही नाही, तर आयातदाराच्या गोदामात पेटीतून सापडेल तो बोल्ट बसवला आहे असं धरून चाला. ली-एनफिल्डच्या बोल्टला मागच्या बाजूला दोन टेकू असतात, एक आखूड आणि एक लांब पट्टी, आणि दोन्ही रिसीव्हरवर सारखे टेकावेत म्हणून कारखान्यात घासून बसवलेले असतात. परक्या रायफलीचा बोल्ट आला की सगळा भार एकाच टेकूवर येतो. गोळ्या एका बाजूला जातात ते ठीकच, पण टेकू झिजत जातो ही खरी काळजी.

बोल्ट नसताना नळीतून पांढऱ्या कागदाकडे पाहा. रायफलिंगच्या खाचांच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. .३०३ मध्ये सहसा पाच खाचा असतात. युद्धकाळातल्या सॅव्हेज (अमेरिका) आणि लाँग ब्रँच (कॅनडा) या कारखान्यांच्या नंबर ४ मध्ये बरेचदा दोनच खाचा दिसतात, आणि त्या कमअस्सल नाहीत. नळी काळपट असेल तर निराश होऊ नका, कित्येकदा आत तीस वर्षांपूर्वीचं ग्रीस वाळलेलं असतं. खड्डे मात्र ग्रीस पुसून जात नाहीत. नंतर नळीच्या तोंडाकडे या. एनसीसीत पुल-थ्रूने चिंदी ओढलेल्यांना हे चटकन कळेल : दोरी कायम एकाच बाजूने ओढली की तोंडाची तीच बाजू झिजते आणि गोल तोंड अंडाकृती होतं. सुटी .३०३ ची गोळी किंवा दारू नसलेलं नकली काडतूस टोकाकडून तोंडात घालून पाहा. गोळी बाहेर बरीच शिल्लक राहून अडकली तर तोंड चांगलं. गोळी पूर्ण आत जाऊन पुंगळी तोंडाला टेकली तर पुढे नेम लागणार नाही.

बोल्ट परत घाला. रिकामी रायफल सज्ज करा, खटका सुरक्षित बाजूला फिरवा, चाप दाबा, सोडा, मग खटका परत काढा. या सगळ्यात टपर (काडतुसावर आदळणारा भाग) पडला तर ती रायफल ठेवून द्या. या चापाला दोन टप्पे असतात, पहिला हलका आणि लांब, दुसरा स्पष्ट अडवणारा. एकाच टप्प्यात सुटत असेल तर कोणीतरी तिथे कानस चालवली आहे.

शेवटी ठसे. कड्यावर, नळीच्या बुंध्यावर, लाकडावर ‘डीपी’ असेल तर ती कवायतीची रायफल. भारतातल्या डीपी रायफलींच्या चेंबरला बरेचदा आरपार भोक पाडलेलं असतं, आणि ते भोक वेल्डिंग करून रंगाखाली लपवल्याचेही प्रकार असतात. बुंध्याभोवती बोट फिरवा, उंचवटा लागेल. ‘झेडएफ’ म्हणजे कार्यशाळेत दुरुस्त होणार नाही, कारखान्यातच पाठवावी लागेल असं ठरवलेली. या दोन्ही फक्त भिंतीवर लावायच्या, कितीही स्वस्त मिळाल्या तरी. नळीवर ‘सीएआय, सेंट ऑल्बन्स’ किंवा तत्सम बारीक कोरीव ओळ दिसली तर तो अमेरिकन आयातदाराचा कायद्याने आवश्यक असलेला ठसा आहे. तो नसलेली रायफल बहुधा १९६८ पूर्वी देशात आलेली, म्हणून संग्राहक तिला जास्त मोल देतात.

हेडस्पेस जत्रेत नीट मोजता येत नाही, पण विक्रेत्याकडे गेज असतील तर विचारा. .३०३ मध्ये मोजमाप पुंगळीच्या कडेच्या जाडीवरून होतं : .०६४ इंचावर बोल्ट बंद व्हावा, .०७४ वर बंद होऊ नये. नंबर ४ च्या बोल्टच्या डोक्यांवर ० ते ३ आकडे असतात आणि मोठा आकडा म्हणजे थोडं लांब डोकं. १ आकड्याचं असेल तर पुढे सुधारायला वाव आहे, ३ असेल तर संपला. नंबर १ च्या डोक्यांवर आकडे नसतात, तिथे कारागिरालाच जुळवावं लागतं.

प्रश्न : एका इशापूर रायफलीच्या पुढच्या लाकडावर तारेचे घट्ट वेढे आहेत. हे काय?
— अटलांटा

तिच्यावरून ग्रेनेड फेकत. नळीच्या तोंडाला पेला बसवून त्यात मिल्स बॉम्ब ठेवत आणि दारू असलेल्या, पण गोळी नसलेल्या काडतुसाने तो उडवत. त्या धक्क्याने लाकूड फाटू नये म्हणून तारेचे वेढे. सोबत ‘ईवाय’ ठसा असेल तर त्या रायफलीने साधी गोळी फक्त अडचणीच्या वेळी झाडायची, असा लष्कराचा हुकूम होता. तुम्हीही झाडू नका. तार काढून ‘स्वच्छ’ करू नका, तिची किंमत त्या तारेतच आहे.

प्रश्न : इशापूरचीच, पण नळी आतून गुळगुळीत, आणि मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा. फसवणूक तर नाही?
— फिनिक्स

नाही. तो .४१० मस्केट आहे. पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी इशापूरने जुन्या नंबर १ च्या नळ्या गुळगुळीत करून एकावेळी एकच काडतूस घेणारं हे हत्यार बनवलं. मॅगझिनमध्ये ठोकळा घातला तो मुद्दाम, म्हणजे पळवून नेलं तरी लष्करी रायफल म्हणून कामाला येऊ नये. त्याचं मूळ काडतूस .३०३ चीच पुंगळी निमुळती न करता सरळ ठेवून बनवलेलं होतं, दुकानातलं .४१० शॉटगनचं नव्हे. अमेरिकेत आल्यावर यांपैकी बऱ्याच मस्केटची चेंबरं तीन इंची .४१० साठी वाढवली गेली, पण सगळ्यांची नाही. म्हणून विक्रेत्याच्या सांगण्यावर न जाता कारागिराकडून चेंबरचा साचा काढून घ्या. त्याआधी यात काहीही झाडायचं नाही.

प्रश्न : ‘जंगल कार्बाइन’ म्हणून मिळणाऱ्या आखूड रायफली खऱ्या असतात का?
— शार्लट

काही असतात. खरी नंबर ५ मार्क १ ही १९४४ ते १९४७ मध्ये फझाकर्ली आणि बीएसए या दोन ठिकाणीच बनली. तिचं वजन कमी करायला रिसीव्हरवरून, नळीच्या बुंध्यावरून धातू खरवडून काढलेला असतो आणि बोल्टची मूठ पोकळ केलेली असते. बुंध्यावर या खाचा नाहीत, फक्त नळी कापून पुढे भोंगा बसवला आहे, तर ती नंबर ४ कापून बनवलेली नक्कल. इशापूर २ए१ कापून केलेल्या ‘जंगल कार्बाइन’ आणि ‘टँकर’ही बाजारात आहेत, त्या नावाची रायफल इशापूरने कधी लष्कराला दिली नाही. वापरायला त्या वाईट नाहीत, पण संग्राहकाची किंमत देऊ नका.

प्रश्न : अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकाकडची ‘व्हिक्टोरिया राणीच्या काळातली’ एनफिल्ड मिळते आहे. अस्सल कशी ओळखायची?
— व्हर्जिनिया

व्हिक्टोरिया राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये. शॉर्ट मार्क ३ रायफल आली १९०७ मध्ये. तेव्हा मार्क ३ वर मुकुटाखाली ‘व्ही.आर.’ असेल तर ती दऱ्यातली, म्हणजे पेशावरजवळच्या दरा आदमखेल गावातली नक्कल. तिथले लोहार समोर रायफल ठेवून हाताने नक्कल करतात. कारागिरी थक्क करणारी असते, पण इंग्रजी अक्षरं त्यांना चित्रासारखी दिसतात, म्हणून ‘एन’ उलटा, स्पेलिंग चुकलेलं, अक्षरं एका ओळीत नाहीत. स्क्रूच्या खाचा मध्यावर नसतात. तपासणीचे बारीक ठसे असतात, पण प्रत्येक ठसा वेगळ्या खोलीचा. रूपापेक्षा मोठी अडचण पोलादाची आहे : जे लोखंड हाताशी असेल ते वापरलेलं असतं आणि त्याला पाणी कसं दिलं आहे याचा भरवसा नाही. अशी रायफल कधीही झाडू नये, एकदा परीक्षेसाठीही नाही.

प्रश्न : पोलिसांनी .३०३ काढून टाकल्या असं वाचलं. त्या लिलावात आम्हा शेतकऱ्यांना मिळतील का? माझ्याकडे रायफलीचा परवाना आहे.
— करवीर तालुका, कोल्हापूर

नाही मिळणार. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात .३०३ ला निरोप दिला, त्याची बातमी सगळीकडे आली, पण .३०३ आणि ७.६२ ही दोन्ही लष्करी काडतुसं असल्याने आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या व्यासात) मोडतात. तसला परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे. सामान्य परवान्यावर जवळची गोष्ट म्हणजे इशापूरचीच .३१५ स्पोर्टिंग रायफल. बोल्टची रचना ली-एनफिल्डचीच, काडतूस वेगळं.

ती जुनी घ्यायची तर वरच्या उत्तरातली नळी, बोल्टचे टेकू आणि चापाची परीक्षा जशीच्या तशी लागू पडते. कागदांच्या बाबतीत : शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे खासगी मालकाने विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याची माहिती जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावी लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. रायफलीवरचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्यातल्या नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. नंबराभोवती कानशीचे ओरखडे असतील तर व्यवहार तिथेच थांबवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेवढी जागा शिल्लक आहे का तेही आधी पाहा.

प्रश्न : रायफलीसोबत ‘केएफ’ शिक्क्याची .३०३ काडतुसं मिळाली. वापरावीत का?
— न्यू जर्सी

केएफ म्हणजे आपली खडकी, पुण्याची दारूगोळा फॅक्टरी. पुंगळीच्या बुडावर केएफ, साल आणि ७ असेल तर ती मार्क ७ ची, १७४ ग्रेनची लष्करी गोळी. ‘डीआय’ असेल तर दमदम. गोळी चांगली असते, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, इतकी जुनी काडतुसं कधी उशिरा पेटतात. चाप दाबून आवाज आला नाही तर नळी निशाणाकडेच धरून पूर्ण तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा.

दुसरी गोष्ट नळीची. या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असतं आणि ते जळल्यावर नळीत एक क्षार राहतो, मिठासारखाच हवेतलं पाणी ओढणारा. तेलाने तो निघत नाही, तेलाखाली सुखाने बसून नळी खातो. दमट हवेत दुसऱ्या सकाळी तांबूस थर दिसतो. तो पाण्याने जातो. म्हणून गोळीबार संपला की त्याच दिवशी बोल्ट काढा, चेंबरच्या बाजूने नरसाळं लावून लिटरभर उकळतं पाणी नळीतून ओता, तापलेली नळी आपोआप कोरडी होते, मग कोरडी चिंदी आणि शेवटी तेलाची चिंदी. बोल्टचं डोकंही गरम पाण्याने धुवा, ते बहुतेकजण विसरतात.

रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्यांसाठी : .३०३ चं चेंबर मुद्दाम सैल ठेवलेलं असतं, चिखल लागलेली काडतुसंही आत जावीत म्हणून. त्यामुळे पुंगळी पहिल्याच बाराला लांबते आणि बुडापासून साधारण अर्ध्या इंचावर पितळ पातळ होतं. तिथे बाहेरून चकचकीत वळं दिसलं, किंवा आत वाकवलेली तार फिरवताना खाच लागली, तर ती पुंगळी फेका, नाहीतर बूड बाहेर येतं आणि पुंगळीचा उरलेला भाग चेंबरमध्ये अडकतो.

प्रश्न : ग्रीस काढायला लाकूड उतरवायचं आहे. दस्त्याचा मोठा स्क्रू आधी सोडला तर चालेल ना?
— सॅन होजे

थांबा, तेवढं करू नका. नंबर १ मध्ये दस्त्याच्या लांब बोल्टचं टोक चौकोनी असतं, आणि ते कड्यातून बाहेर येऊन पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकात बसवलेल्या लोखंडी पट्टीत अडकतं. दस्त्याचा बोल्ट फिरवला की ते चौकोनी टोक पट्टीला पिळतं आणि पुढचं लाकूड मागून उभं फाटतं. बाजारात दिसणाऱ्या भेगा पडलेल्या रायफलींपैकी कित्येक याच कारणाने फाटलेल्या असतात. म्हणून पुढचं लाकूड नेहमी आधी.

मॅगझिन काढा. समोरच्या टोपीचे दोन्ही स्क्रू सोडून टोपी पुढे ओढा. अडली तर लाकडी ठोकळ्याने दोन्ही बाजूंनी हलकेच ठोका. बाहेरचा पट्टा काढा, वरचं पुढचं लाकूड निघेल. मधल्या आतल्या पट्ट्याचा स्क्रू खालून सोडा, त्याच्यासोबत एक छोटी स्प्रिंग आणि वॉशर असते, ती हातात धरा, नाहीतर गालिच्यात शोधत बसाल. मग चापाच्या गार्डचे पुढचा आणि मागचा असे दोन स्क्रू, गार्ड खाली, आणि शेवटी लाकूड सरळ खाली, पुढचं टोक आधी न वाकवता. स्क्रू जुने आणि खाच अरुंद असते, म्हणून स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेइतकंच रुंद घासून घ्या. हलला नाही तर वरून भेदक तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा.

ग्रीस मिनरल स्पिरिटने निघतं, लाकडाला पाणी लावू नका. आता नळीचा लाकडाखालचा भाग पाहा, कारण खरेदीच्या वेळी तोच दिसत नव्हता. वरून भारतीय काळा रंग आणि खाली लाकडाच्या रेषेबरोबर गंजाचे खड्डे, असं पुष्कळ वेळा निघतं. बारीक पोलादी लोकर आणि तेल लावून सैल गंज काढा. नखाला लागतील इतके खोल खड्डे बुंध्याजवळ असतील तर कारागिराला दाखवल्याशिवाय झाडू नका. लाकडाला कच्चं जवसाचं तेल, तळहाताने चोळून, पातळ हात, दिवसाआड तीन-चार वेळा. तेलाच्या चिंध्या चुरगळून डब्यात ठेवू नका, जवस तेल सुकताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

परत जोडताना पुढच्या लाकडाचं मागचं टोक आणि कडं यांच्यात पोस्टकार्ड जाईल इतकी फट राहिली पाहिजे. धक्का घेण्याचं काम लाकडाच्या आतल्या दोन टेकूंचं आहे, टोकाचं नाही. फट नसेल तर टेकू दबले आहेत, आणि पहिल्या पन्नास गोळ्यांतच ते टोक फाटेल. अशा वेळी टोक तासून फट करू नका, आत टेकूंच्या जागी कठीण लाकडाचे नवे तुकडे बसवून घ्या.